पॉलिनेशियातील कुळांचा माग

अमेरिकी काँग्रेसने १९२१ साली हवाईसाठी एक कायदा केला. कॅप्टन जेम्स कुक १७७८ मध्ये त्या बेटांवर पोहोचला. त्याआधी तेथे राहणाऱ्या लोकांचे किमान अर्धे रक्त आपल्यात आहे असे जो सिद्ध करील, त्याला राखीव जमिनीतील तुकडा ९९ वर्षांच्या पट्ट्याने मिळावा, अशी त्यात तरतूद आहे. ती आजही लागू आहे. त्यासाठी अर्जदाराला जन्म, विवाह आणि मृत्यू यांचे दाखले जोडत आजी-आजोबांपर्यंत, कधी त्याही मागे जावे लागते. न्यूझीलंडमध्ये माओरी या तेथील मूळ रहिवाशांच्या जमिनीतील वाटा आणि सामोआत ‘मताई’ ही कुळप्रमुखाची पदवी यांचे निर्णयही वंशावळीच्या आधारे होतात. पॉलिनेशियात पूर्वजांचा शोध हा फावल्या वेळातील छंद नाही. त्यावर घर, जमीन आणि समाजातील स्थान अवलंबून असते.

हवाई, न्यूझीलंड आणि रापा नुई म्हणजेच ईस्टर बेट या तीन टोकांमध्ये सामावलेल्या या प्रचंड सागरी प्रदेशात युरोपीय येण्यापूर्वी वंशावळी पाठ केल्या जात. माओरी त्यांना ‘व्हाकापापा’ म्हणतात, हवाईयन ‘मोओकूआउहाउ’ आणि सामोअन ‘गाफा’. त्या जपणारे जाणकार प्रत्येक मोठ्या कुळात असत आणि हे ज्ञान राजघराण्यांनाही कमीपणाचे वाटत नसे. टोंगावर १९१८ ते १९६५ या काळात राज्य करणारी राणी सालोते तुपोउ तिसरी ही स्वतःच तेथील वंशावळींची मान्यवर अभ्यासक होती. हवाईच्या राजघराण्याचे ‘कुमुलिपो’ हे दोन हजारांहून अधिक ओळींचे वंशस्तोत्र काळोखापासून सुरू होते, प्रवाळ, मासे, पक्षी अशा जन्मांच्या ओळीने पुढे सरकते आणि मग माणसापर्यंत येते. त्यातील प्रत्येक नाव इतिहासाच्या कसोटीवर उतरणार नाही हे उघड आहे. पण असे स्तोत्र केवळ धार्मिक समजून बाजूला ठेवणे ही संशोधकाची मोठी चूक ठरेल, कारण त्याच्या अखेरच्या भागात खऱ्या घराण्यांचे, त्यांच्या विवाहसंबंधांचे आणि हक्कांचे धागे आहेत.

आपल्याकडील जुन्या कुलवृत्तान्तांत वंश बहुधा पित्याकडून मोजलेला असतो. पॉलिनेशियात मात्र माणूस आईच्या किंवा वडिलांच्या, जिकडून अधिक मान अथवा जमीन मिळेल त्या बाजूने आपला वंश सांगू शकतो. त्यामुळे एकाच व्यक्तीच्या दोन वंशावळी वेगवेगळ्या पूर्वजांपाशी जाऊन पोहोचतात आणि दोन्ही खऱ्या असतात. पॉलिनेशियन कुळांचा अभ्यास करणाऱ्याने ही गोष्ट आधी मनाशी पक्की करावी, नाहीतर तो एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवू लागतो.

पाठांतरावर विसंबायचे किती, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे गाजतो आहे. न्यूझीलंडमधील एक अभ्यासक पर्सी स्मिथ याने माओरी वंशावळींतील पिढ्या मोजल्या, प्रत्येक पिढीला सरासरी पंचवीस वर्षे दिली आणि नौकांचा एक ‘महाताफा’ १३५० साली न्यूझीलंडला आला असे जाहीर केले. ही तारीख अनेक दशके शाळांमधून शिकवली गेली. पुढे १९७० च्या दशकात डेव्हिड सिमन्स या अभ्यासकाने मूळ कथने तपासली, तेव्हा दिसले की निरनिराळ्या जमातींच्या स्वतंत्र परंपरा एकत्र शिवून तो ताफा रचण्यात आला होता. यावरून वंशावळीच निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काहींनी काढला, तो मला अन्यायाचा वाटतो. रेडिओकार्बन पद्धतीने आज न्यूझीलंडमधील पहिल्या वस्तीचा काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात येतो. पिढ्यांची मोजणी वास्तवापासून फार दूर नव्हती. चुकीचे होते ते वेगवेगळ्या कुळांच्या आठवणींना एका साच्यात कोंबणे.

या कुळांच्या मागे असलेल्या बेटांची कथाही आता बरीच स्पष्ट झाली आहे. लापिता नावाने ओळखली जाणारी, ठिपक्यांच्या नक्षीची मातीची भांडी घडवणारे लोक सुमारे २,८०० वर्षांपूर्वी टोंगा आणि सामोआ येथे पोहोचले. व्हानुआतू आणि टोंगा येथील त्या काळच्या सांगाड्यांतील डीएनए २०१६ मध्ये वाचला गेला; त्याचे सर्वांत जवळचे नाते तैवानचे आदिवासी आणि उत्तर फिलिपीन्समधील लोक यांच्याशी निघाले. त्यानंतर पूर्वेकडची वाटचाल हजार वर्षांहून अधिक काळ थांबली. ती पुन्हा सुरू झाली ती मात्र विलक्षण वेगाने. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २१ बेटसमूहांतील ४३० जणांच्या जनुकांवरून हा क्रम मांडला आहे: सामोआकडून नवव्या शतकात रारोटोंगा, अकराव्यात ताहितीच्या परिसरातील सोसायटी बेटे, बाराव्यात ऑस्ट्रल आणि तुआमोटू, आणि १२०० च्या सुमारास मांगारेव्हामार्गे रापा नुई. पुरातत्त्वीय तारखा काही बेटांच्या बाबतीत थोड्या पुढच्या येतात, पण दिशा तीच राहते.

हा क्रम कसा कळला, हे समजून घेण्यासारखे आहे. नव्या बेटावर दोन-चार नौकांतून मोजकी माणसे जात, म्हणून जुन्या बेटावरील जनुकीय वैविध्याचा थोडाच अंश त्यांच्यासोबत जाई. तेथून पुढच्या बेटावर त्याहूनही थोडा. हरवलेले वैविध्य सहसा परत येत नाही. तेव्हा कोणत्या बेटावर काय उरले आहे हे पाहून कोण आधी आणि कोण नंतर हे ठरवता येते. दोन बेटांवरील लोकांमध्ये सामाईक असलेल्या डीएनएच्या तुकड्यांची लांबी मोजून ती बेटे केव्हा वेगळी झाली याचाही अंदाज बांधता येतो, कारण प्रत्येक पिढीत हे तुकडे तुटत आणखी आखूड होत जातात.

संशोधकांना वाट दाखवणारी हीच गोष्ट घरबसल्या लाळेचा नमुना पाठवून डीएनए चाचणी करून घेणाऱ्या पॉलिनेशियन व्यक्तीला मात्र चकवते. मूळ वसाहत करणारे थोडे आणि पुढे शतकानुशतके लग्ने त्याच बेटसमूहात, त्यामुळे एकच पूर्वज एका माणसाच्या वंशवृक्षात अनेक ठिकाणी येतो. प्रत्येक मार्गाने त्याच्या डीएनएचा एखादा लहान तुकडा खाली उतरतो. चाचणी कंपनीचा संगणक या सगळ्या तुकड्यांची बेरीज करतो आणि ज्यांचा सामाईक पूर्वज दहा-पंधरा पिढ्यांमागचा आहे, अशा दोघांचे पणजोबा एकच असावेत असे सांगून मोकळा होतो. एका हवाईयनाला न्यूझीलंडमधील शेकडो अनोळखी माओरी ‘जवळचे नातेवाईक’ म्हणून दिसू लागतात ते यामुळेच. म्हणून अनुभवी वंशशोधक बेरजेकडे फारसे पाहत नाहीत. सर्वांत लांब तुकडा किती सेंटिमॉर्गनचा (डीएनएच्या तुकड्याची लांबी मोजण्याचे एकक) आहे ते आधी पाहतात. लांब तुकडा अलीकडचे नाते सुचवतो, आखूड तुकड्यांचा ढीग केवळ एकाच सागरी पूर्वजसमूहाकडे बोट दाखवतो. तरीही ते नाते आजीकडून की आजोबांकडून हे डीएनए सांगत नाही. तेथे पाठ केलेली वंशावळच हवी.

मातेकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए आणि पित्याकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र यांची साक्षही एकसारखी नाही. २००६ च्या एका अभ्यासात पॉलिनेशियनांचे मातृवंश सुमारे ९४ टक्के आशियाई मुळाचे, तर पितृवंश सुमारे ६६ टक्के मेलानेशियन, म्हणजे न्यू गिनी आणि तिच्या आसपासच्या बेटांवरील मुळाचे आढळले. म्हणजे वाटेत पापुआ परिसरातील पुरुष या कुळांत सामील झाले आणि स्त्रियांची परंपरा मोठ्या प्रमाणात अखंड राहिली. शिवाय हवाईत ‘हानाई’ आणि माओरींमध्ये ‘व्हांगाई’ म्हणून ओळखली जाणारी मूल वाढवायला देण्याची रीत आहे. अशा मुलाची दोन्ही घरांची नाळ कुटुंबाला ठाऊक असते, प्रयोगशाळेला एकच दिसते.

पाठ केलेली वंशावळ आणि डीएनए या दोहोंच्या मधली कडी म्हणजे कागदपत्रे, पण तीही जपून वाचावी लागतात. हवाईत १८६० च्या कायद्याने मुलांनी पित्याचे नाव आडनाव म्हणून लावावे असे ठरले; त्याआधी माणसाला सहसा एकच नाव असे, म्हणून एका घरातील तीन पिढ्यांची नावे एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. सामोआत पदवी मिळाली की ती माणसाच्या नावाशी जोडली जाते आणि तीच पदवी पुढच्या पिढीत दुसऱ्याकडे जाते, तेव्हा दोन वेगळ्या व्यक्ती कागदावर एक भासतात. न्यूझीलंडमध्ये १८६५ मध्ये स्थापन झालेल्या देशी जमीन न्यायालयाच्या कामकाजाच्या वह्यांत असंख्य व्हाकापापा साक्षीदारांच्या तोंडून उतरल्या आहेत. हा खजिना अमोल आहे; मात्र साक्ष देणारा जमिनीवर हक्क सांगत होता, त्यामुळे प्रतिपक्षाची साक्ष वाचल्याशिवाय त्यावर शिक्का मारू नये.

आणि काही ठिकाणी साखळी तोडली गेली. सामोआत नोव्हेंबर १९१८ मध्ये ऑकलंडहून आलेल्या जहाजातून इन्फ्लुएन्झा शिरला आणि पश्चिम सामोआतील पाचव्या हिश्श्याहून अधिक, म्हणजे सुमारे ८,५०० माणसे गेली. त्यांत अनेक मताई आणि वृद्ध होते. गाफा ज्यांच्या स्मरणात होत्या तेच गेले. रापा नुईवर घाला आणखी क्रूर होता. १८६२-६३ मध्ये पेरूहून आलेल्या टोळ्यांनी तेथील हजाराहून अधिक माणसे मजुरीसाठी पळवून नेली. परत आलेल्या मोजक्यांसोबत देवीची साथ आली. १८७७ मध्ये बेटावर १११ माणसे उरली होती.

रापा नुईविषयी एक समज जगभर पसरला होता: बेटवासीयांनी जंगल संपवून सतराव्या शतकात स्वतःचाच नाश ओढवून घेतला. पॅरिसच्या संग्रहालयात असलेल्या पंधरा प्राचीन रापानुईंचे, म्हणजे त्या बेटावरील लोकांचे, जीनोम (संपूर्ण जनुकीय आराखडे) २०२४ मध्ये वाचले गेले, तेव्हा असा कोणताही कोसळ त्यांत सापडला नाही. एकोणिसाव्या शतकातील आघातापूर्वी लोकसंख्या हळूहळू वाढतच होती. त्या जीनोममध्ये सुमारे दहा टक्के अंश दक्षिण अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा निघाला. ही सरमिसळ १२५० ते १४३० च्या दरम्यानची, म्हणजे कोणतेही युरोपीय जहाज त्या समुद्रात येण्याच्या कितीतरी आधीची आहे. आजच्या बेटवासीयांना याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे: त्या पंधरा जणांचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक आजचे रापानुईच ठरले, आणि हे अवशेष मायभूमीला परत मिळावेत या मागणीला त्यामुळे ठोस आधार मिळाला.