सदतीस शब्दांचा कायदा आणि त्याआधीची एक तळटीप

अमेरिकेतल्या मुलींच्या खेळांबद्दल बोलताना ‘टायटल नाईन’चं नाव निघतंच. पण या कायद्याच्या ३७ शब्दांच्या मूळ कलमात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शैक्षणिक उपक्रमात स्त्री किंवा पुरुष म्हणून कुणालाही डावलायचं नाही, एवढंच ते कलम सांगतं.

लढा सुरू झाला तो नोकरीवरून. मेरीलँड विद्यापीठात अर्धवेळ शिकवणाऱ्या बर्नीस सँडलर यांना पूर्णवेळ पद नाकारलं गेलं, कारण काय, तर बाईमाणसाच्या मानाने त्या फारच ठाम बोलतात! त्यांनी कायदे धुंडाळले. एका सरकारी अहवालाच्या तळटिपेत त्यांना हवं ते सापडलं: सरकारी कंत्राटं घेणाऱ्यांना स्त्रियांशी भेदभाव करायला राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानेच मनाई होती. आणि कंत्राटं तर विद्यापीठंही घेत होती. १९७० पासून सुमारे २५० संस्थांविरुद्ध तक्रारी झाल्या. खासदार एडिथ ग्रीन यांनी सुनावण्या घेतल्या. वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारल्यामुळे वकिलीकडे वळलेल्या पॅट्सी मिंक त्यांच्यासोबत होत्या, सिनेटमध्ये बर्च बाय यांनी बाजू लावून धरली. २३ जून १९७२ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली.

शिक्षणसंस्थांमधले खेळही या कायद्याखाली येतात, हा धोका क्रीडा विभागांना जाणवला तो नंतर. कमाई करून देणारे खेळ वगळावेत, अशी दुरुस्ती १९७४ मध्ये आली, पण टिकली नाही. नियम १९७५ मध्ये लागू झाले, तरी मुलींचे हाल लगेच थांबले नाहीत. येल विद्यापीठाच्या रोइंग (वल्ही मारून होड्या पळवण्याच्या) संघातल्या मुलींना नदीकाठी अंघोळीची सोय नव्हती. ओल्या कपड्यांत, कडाक्याच्या थंडीत, मुलांचं आवरेपर्यंत त्यांनी बसमध्ये थांबायचं. मार्च १९७६ मध्ये १९ जणी थेट अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेल्या, कपडे उतरवले आणि उघड्या अंगावर लिहिलेलं ‘टायटल नाईन’ दाखवत उभ्या राहिल्या. कागदावरच्या कायद्याला इतकं धैर्य लागलं, हे विसरू नये.

१९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अर्थ आकसवला: पैसा ज्या उपक्रमाला मिळतो, तेवढ्यालाच कायदा लागू. क्रीडा विभाग जवळपास सुटलेच. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायद्याची व्याप्ती परत मिळवली.

१९७१-७२ मध्ये माध्यमिक शाळांत तीन लाखांहून कमी मुली खेळत होत्या, आज तीस लाखांहून जास्त खेळतात. प्रशिक्षकपदांचं मात्र उलटं झालं. महिला संघांच्या प्रशिक्षकांत तेव्हा दहापैकी नऊ बायका असत. पगार वाढले, महिलांचे क्रीडा विभाग पुरुषांच्या विभागांत विलीन झाले, आणि आता महाविद्यालयांत ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आहे.