ससा, पाळीव

ससा, पाळीव : लॅगोमॉर्फा गणाच्या लेपोरिडी कुलातील सस्तन प्राणी. शास्त्रीय नाव ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. जगभर पाळले जाणारे सशांचे सर्व वाण या एकाच युरोपीय रानसशापासून निघाले आहेत. महाराष्ट्रातील माळरानांवर आणि मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आढळणारा काळ्या मानेचा ससा (लेपस नायग्रिकोलिस) हा त्याच कुलातला असला, तरी निराळ्या प्रजातीतला आहे. तो बिळे खणत नाही, त्याची पिल्ले अंगावर केस घेऊन आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पाळीव सशाची पिल्ले बिळात किंवा खोक्यात उघडीवाघडी, आंधळी जन्मतात. लेपसची गुणसूत्रे ४८, पाळीव सशाची ४४. दोघांचा संकर होत नाही. संस्कृत-प्राकृत कथांतला, चंद्रावर दिसणारा ससा हा देशी ससा होय. पाळीव ससा आपल्याकडे बहुधा युरोपीय संपर्कानंतर आला असावा.

उत्पत्ती व माणसाळणे : मूळ रानससा आयबेरियन द्वीपकल्पातला, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालचा. कोरडी हवा, भुसभुशीत जमीन आणि आखूड गवत हा त्याचा अधिवास. तो नेमका केव्हा आणि कुठे माणसाळला याविषयी मतभेद आहेत. इ. स. ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी सशाची नवजात पिल्ले ख्रिस्ती उपवासाला चालतात असे ठरवले आणि त्यामुळे फ्रान्समधल्या मठांत ससेपालन सुरू झाले, ही कथा जुन्या संदर्भग्रंथांतून आणि पुढे संशोधनपर लेखांतूनही बरीच वर्षे उतरत राहिली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात तिचा मागोवा घेतला गेला. पोपचा असा कोणताही आदेश मिळत नाही. सहाव्या शतकात फ्रान्समधील टूर्सचे बिशप व इतिहासकार ग्रेगरी ऑफ टूर्स यांनी उपवासाच्या काळात सशाची पिल्ले खाणाऱ्या एका माणसाचा उल्लेख केला होता. नामसाधर्म्यामुळे त्याचा संबंध पोपशी जोडला गेला, असे त्या लेखकांनी दाखवले. त्यांचा युक्तिवाद पटण्याजोगा आहे.

सशांशी माणसाचा संबंध याहून बराच जुना आहे. इ. स. पू. पहिल्या शतकात व्हॅरो या रोमन लेखकाने भिंतीने वेढलेल्या शशवाटिकांचे (ससे राखण्याच्या आवारांचे) वर्णन केले आहे. स्पेनजवळच्या बॅलिआरिक बेटांवरच्या लोकांनी सशांचा उपद्रव आवरण्यासाठी सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितल्याचे रोमन लेखक प्लिनी नोंदवतो. मात्र कोंडून ठेवणे आणि माणसाळवणे या वेगळ्या गोष्टी होत. मध्ययुगात राखीव कुरणांत ससे मोकळेच वाढत आणि मांस-कातड्यासाठी पकडले जात. जनुकीय पुराव्यानुसार पाळीव ससे दक्षिण फ्रान्समधील रानसशांना सर्वांत जवळचे आहेत. २०१४ च्या जीनोम-अभ्यासात (संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासात) माणसाळण्याचे असे एकच जनुक सापडले नाही. मेंदू व चेतासंस्थेच्या वाढीशी निगडित अनेक ठिकाणी बारीकसारीक फरक साचलेले दिसले. त्यावरून हा बदल कोण्या एका निर्णयाने घडला नसून शतकानुशतके चालत आला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. वेगवेगळे वाण आणि केवळ हौसेसाठी ससा पाळण्याची रीत मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतली.

शरीर व पचन : ससा कृंतक (उंदीर, खार यांच्या) गणात मोडत नाही. त्याच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे खुंटीसारख्या बारीक दातांची आणखी एक जोडी असते. या आणि इतर भेदांवरून १९१२ पासून त्याचा गण वेगळा मानला जाऊ लागला. एकूण दात २८. सगळे आयुष्यभर वाढतात. पटाशीचे दात आठवड्याला २ ते ३ मिमी. चिवट गवत तासन्‌तास चघळल्यानेच ते झिजतात. गवत कमी पडले की दाढांना धारदार टोके येतात, जीभ-गाल सोलले जातात आणि भूक असूनही प्राणी खात नाही.

पचनाचे केंद्र म्हणजे उंडुक (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी). आकाराने ते जठराहून मोठे असून त्यातील सूक्ष्मजीव तंतू आंबवतात. त्यातून बनलेल्या मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घडासारख्या चिकटलेल्या गोळ्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन गिळतो. त्यांतून प्रथिने आणि ब व के जीवनसत्त्वे मिळतात. घाण सवय समजून मालकाने त्याला अडवू नये. जमिनीवर दिसणाऱ्या कोरड्या, गोल लेंड्या वेगळ्या. त्या आकाराने लहान झाल्या, केसांनी एकमेकींना जोडलेल्या दिसल्या किंवा थांबल्याच, तर आतड्याची हालचाल मंदावल्याचे ते पहिले लक्षण असते. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे पोटात अडकलेले बाहेर टाकण्याचा मार्गच नसतो.

डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने जवळजवळ चहूकडचे दिसते, पण नाकाच्या अगदी पुढचे दिसत नाही. तिथले तो मिशांनी आणि वासाने चाचपतो. बाजारात सर्वाधिक दिसणाऱ्या पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या सशांत रंजकद्रव्य नसते आणि त्यांची दृष्टी अधू असते. हनुवटीखालच्या ग्रंथींचा वास वस्तूंना घासणे ही मालकीची खूण, मागचा पाय आपटणे हा धोक्याचा इशारा. दात जोरात करकरणे हे बहुधा वेदनेचे लक्षण असते. हाडांचे वजन शरीराच्या मानाने फार कमी आणि मागच्या पायांची ताकद मोठी, त्यामुळे चुकीच्या पद्धतीने उचलल्यावर त्याने मारलेल्या लाथेनेच कण्याला इजा होऊ शकते. कान धरून उचलू नये.

गर्भावधी सुमारे ३१ दिवस. समागमानंतरच बीजमोचन (अंडाशयातून अंडे सुटणे) होत असल्याने मादी वर्षभर गाभण राहू शकते, विण्यापाठोपाठसुद्धा. पिल्लांना ती दिवसातून एकदा-दोनदा, काही मिनिटेच पाजते. आईने टाकली असे समजून ती उचलू नयेत. आयुर्मान साधारण ८ ते १२ वर्षे.

मुंबईतील संगोपन : सशाला १५ ते २० अंश सेल्सिअसची कोरडी हवा मानवते. त्याला घाम जवळजवळ येत नाही. उष्णता कानांच्या रक्तवाहिन्यांतून आणि जलद श्वासातून बाहेर पडते. मुंबईच्या दमट हवेत श्वासावाटे बाष्पीभवन नीट होत नाही, म्हणून ३२-३३ अंशांचा मुंबईतला दिवस सशाला फार जड जातो. मार्च ते जून आणि ऑक्टोबर हे महिने धोक्याचे. खिडकीच्या ग्रिलमध्ये किंवा पत्र्याखालच्या गॅलरीत पिंजरा ठेवणे टाळावे. तिथे उन्हाखेरीज कावळे, घारी आणि मांजरांचेही भय असते. घरातली सावलीची, वारा खेळणारी जागा, बसायला गार लादी आणि गोठवलेल्या पाण्याची फडक्यात गुंडाळलेली बाटली एवढी सोय पुष्कळ कामी येते. ससा आडवा पडून धापा टाकू लागला, तर कान गार पाण्याने ओले करून तत्काळ डॉक्टर गाठावा. गार पाण्यात बुडवू नये, त्या धक्क्याने तो दगावू शकतो. एरवीही आंघोळ घालण्याची गरज नसते.

आहाराचा सुमारे ८० टक्के भाग वाळलेले गवत असावे. टिमोथी गवताचे बाहेरून येणारे पुडे महाग पडतात. तबेल्यांना येणाऱ्या चाऱ्यातले स्वच्छ, बारीक गवत चालते. भाताच्या पेंढ्यात सत्त्व कमी. लसूणघासात (अल्फाल्फा चाऱ्यात) कॅल्शियम जास्त असल्याने तो वाढत्या पिल्लांपुरताच ठेवावा. सशाच्या शरीरात जास्तीचे कॅल्शियम लघवीवाटे जाते, त्यामुळे लघवी गढूळ असणे सर्वसामान्य. पण चुनखडीसारखा गाळ साठला तर मूत्राशयात खडे होतात. पावसाळ्यात गवत हातात घेऊन हुंगल्याशिवाय घालू नये. चांगल्या गवताला उन्हात वाळल्याचा गोडसर वास असतो. कुबट वास आला, करडे ठिपके दिसले किंवा झटकल्यावर धूळ उडाली, तर तो पुडा टाकून द्यावा.

कोथिंबीर, पुदिना, शेपू, मुळ्याचा पाला आणि दूर्वा धुऊन, निथळून द्याव्यात. गाजर हा सशाचा मुख्य आहार असल्याची समजूत सार्वत्रिक आहे, पण त्यातील साखरेमुळे ते अधूनमधून, चकतीभरच द्यावे. पोळी, भात, बिस्किटे, भिजवलेले हरभरे हे मुंबईच्या घरांतून प्रेमाने भरवले जाणारे पदार्थ उंडुकातील सूक्ष्मजीवांचा तोल बिघडवतात. गोळी-खाद्यही मोठ्या सशाला वजनाच्या किलोमागे रोज साधारण २५ ग्रॅमवर नको. कांदा, लसूण, चॉकलेट विषारी.

सशाच्या तळव्यांना गादी नसते. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात घोटे सोलवटून जखमा होतात आणि पॉलिशच्या लादीवर पाय घसरतात, म्हणून चटई किंवा सतरंजी अंथरावी. ससा कोपऱ्यात ठेवलेल्या ट्रेमध्ये शी-शू करायला शिकतो, नसबंदीनंतर विशेष लवकर. फ्लॅटमध्ये चार्जरच्या वायरी वर बांधून ठेवणे गरजेचे.

आजार व उपचार : १२ तास काही न खाल्लेला ससा तातडीचा रुग्ण समजावा. दमटपणामुळे गजकर्ण, खरूज व कानातले गोचीड-किडे वाढतात. पावसाळ्यात मागची बाजू ओली राहिली, तर माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात जखमेत अळ्या पडू शकतात. नसबंदी न केलेल्या, वय वाढलेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो. तोंडावाटे दिलेले पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन सशाला प्राणघातक ठरू शकते. कुत्र्या-मांजरांवर गोचिडांसाठी वापरले जाणारे फिप्रोनिलही तसेच. म्हणून सशांचा अनुभव असलेला डॉक्टर आधीच शोधून ठेवावा. परळला १८८३ पासूनचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचे रुग्णालय आणि १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

कायदा : पाळीव प्राण्यांच्या दुकानांना २०१८ च्या नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. काळ्या मानेच्या सशाला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण असून त्याला पकडणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. गवतात एकटे दिसलेले त्याचे पिल्लू पोरके नसते; आई थोड्याच वेळासाठी पाजायला येते, म्हणून ते जागचे हलवू नये.