अर्धशिशी आणि मॅग्नेशियम : एका उपचाराची पार्श्वभूमी

वारंवार अर्धशिशीचा त्रास होणाऱ्या रुग्णांना आज काही डॉक्टर प्रतिबंधक उपाय म्हणून मॅग्नेशियमच्या गोळ्या सुचवतात. या सल्ल्यामागचा पुरावा गेल्या काही दशकांत तुकड्यातुकड्यांनी जमत आला आहे. त्याचे मोल ठरवायचे असेल, तर तो कोणत्या क्रमाने जमला हे पाहणे भाग आहे.

मॅग्नेशियमचे क्षार औषधांत आले ते रेचक म्हणून. इंग्लंडमधील एप्सम येथील कडू पाण्याची ख्याती सतराव्या शतकातच पसरली होती. इंग्लिश वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ नेहेमाया ग्रू यांनी १६९५ मध्ये त्या पाण्यातील क्षारावर ग्रंथ लिहिला आणि १८०८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी मॅग्नेशियम हे मूलद्रव्य वेगळे केले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हाच क्षार, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, गरोदरपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या आकडीवर दिला जाऊ लागला. चेतासंस्थेची अतिरिक्त उत्तेजना शमवणारे द्रव्य ही त्याची ओळख तेथे तयार झाली आणि पुढे अर्धशिशीच्या संशोधकांना तीच उपयोगी पडली.

दरम्यान अर्धशिशीचे कोडे वेगळ्या वाटेने उलगडू लागले होते. ब्राझीलचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अरिस्टिडिस लेआँ यांनी १९४४ मध्ये सशाच्या मेंदूच्या बाह्यस्तरावरून मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने सरकत जाणारी, मागे विद्युत-शांतता सोडणारी एक लाट नोंदवली. डोकेदुखीच्या आधी अनेकांच्या दृष्टीसमोर पसरत जाणाऱ्या चमचमत्या नागमोडी रेषांचा संबंध पुढे या लाटेशी जोडला गेला. मग १९८४ मध्ये दोन स्वतंत्र संशोधक गटांनी दाखवून दिले, की चेतापेशींवरील ‘एनएमडीए’ या ग्राहीच्या (उत्तेजक संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाच्या) मार्गात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो आणि पेशी पुरेशी उत्तेजित झाल्याशिवाय तो हलत नाही. मॅग्नेशियम घटले की हा अडसर ढिला पडतो आणि लाट उठणे सोपे होते. अर्धशिशीत मॅग्नेशियम उपयोगी पडेल या अपेक्षेला यामुळे प्रथमच भक्कम शास्त्रीय आधार मिळाला; अमेरिकेतील डेट्रॉइटच्या संशोधकांनी १९८९ मध्ये चुंबकीय अनुनाद तंत्राने मोजमाप करून झटक्याच्या वेळी रुग्णांच्या मेंदूतील मॅग्नेशियम कमी आढळल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा ती अपेक्षा अधिकच बळावली.

तरीही कमतरता सिद्ध करणे अवघडच राहिले. प्रौढ शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातील निम्म्याहून अधिक हाडांत आणि बाकीचे बहुतांश स्नायू व इतर पेशींत असते. नेहमीची रक्ततपासणी ज्या रक्तद्रवात होते, तेथे एक टक्काही नसते. त्यामुळे अहवाल सामान्य आला म्हणून पेशींतील साठा पुरेसा आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. माझ्या मते या विषयातील बहुतेक वादांचे मूळ इथेच आहे, कारण ज्याची कमतरता आहे तो रुग्ण आधी ओळखता न आल्यामुळे चाचण्यांत सर्व प्रकारचे रुग्ण एकत्र येतात आणि काहींना झालेला लाभ सरासरीत बुडून जाण्याची शक्यता उरते.

याचा प्रत्यय १९९६ मध्ये आला. जर्मनीत झालेल्या एका चाचणीत ८१ रुग्णांपैकी काहींना रोज ६०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सायट्रेटच्या रूपात बारा आठवडे देण्यात आले, तर इतरांना औषध नसलेले, दिसायला तसेच द्रव्य दिले गेले. नवव्या ते बाराव्या आठवड्यांत झटक्यांचे प्रमाण पहिल्या गटात ४१.६ टक्क्यांनी आणि दुसऱ्यात १५.८ टक्क्यांनी घटले. त्याच वर्षी, ही चाचणी छापणाऱ्याच नियतकालिकात, दुसऱ्या एका चाचणीचा निष्कर्ष आला, की मॅग्नेशियम आणि निष्क्रिय द्रव्य यांत फरक दिसला नाही. ती चाचणी मध्यंतरीच्या विश्लेषणानंतर थांबवण्यात आली होती. मात्र तिच्यात क्षार वेगळा होता, मात्रा कमी होती आणि मॅग्नेशियम घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या रुग्णांना पातळ शौचाचा त्रास झाला होता. शोषणच नीट झाले नसेल तर लाभ दिसणार कसा, ही शंका मला रास्त वाटते. पण शंका रास्त असली तरी ती पहिल्या चाचणीच्या बाजूचा पुरावा ठरत नाही. झटका आलेला असताना शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देण्याच्या प्रयोगांचे निष्कर्षही असेच परस्परविरोधी आहेत.

अमेरिकेतील चेतारोग व डोकेदुखीतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१२ मध्ये आपल्या मार्गदर्शिकेत मॅग्नेशियमला ‘बहुधा परिणामकारक’ या दुसऱ्या श्रेणीत ठेवले. कॅनडातील तज्ज्ञांनी त्याच वर्षी त्याची शिफारस केली, परंतु पुरावा कमी दर्जाचा असल्याचेही नोंदवले. गोळ्यांचा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम जुलाब हा आहे. मूत्रपिंडे कमजोर असतील तर मॅग्नेशियम शरीरात साचून धोकादायक ठरू शकते, म्हणून अशा रुग्णांनी ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. अमेरिकेतील ती मार्गदर्शिका २०१५ मध्ये मागे घेण्यात आली. त्याचे कारण मॅग्नेशियम नव्हते. तिच्यात पहिल्या श्रेणीत शिफारस केलेल्या बटरबर या वनस्पतीच्या अर्कामुळे यकृताला इजा होण्याची भीती पुढे आली होती.