अठ्ठावन्न सामने आणि दोन हॉल ऑफ फेम

अमेरिकेत बेसबॉलचे हॉल ऑफ फेम, म्हणजे थोर खेळाडूंचे मानाचे दालन, म्हटले की न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनचेच नाव निघते. तिथे व्यावसायिक बेसबॉल खेळलेला रॉबिन व्हेंचुरा नाही. २०१० साली त्याचे नाव मतपत्रिकेवर आले. निवडीला लागतात ७५ टक्के मते. त्याला ५ टक्केही पडली नाहीत आणि नियमाप्रमाणे नाव मतपत्रिकेवरून गेले. कॉलेज बेसबॉलचे हॉल ऑफ फेम वेगळे. तिथे २००६ च्या अगदी पहिल्या तुकडीतच त्याला मान मिळाला होता. त्याचे कारण १९८७ च्या हंगामात आहे.

कॅलिफोर्नियातल्या सांता मारियाचा हा डावखुरा फलंदाज १९८६ ते १९८८ अशी तीन वर्षे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळला. दुसऱ्या वर्षी त्याने ओळीने ५८ सामन्यांत, प्रत्येकात किमान एक हिट (चेंडू मारून सुखरूप बेस गाठणे) मारली. एक दिवस जरी बॅट रुसली तरी मोजणी पुन्हा शून्यावर येते, हे लक्षात घ्या. आधीचा विक्रम विचिटा स्टेटच्या फिल स्टीफनसनचा, ४७ सामन्यांचा. तो मोडला आणि लोकांना व्यावसायिक बेसबॉलमधला दिग्गज जो डिमॅजिओ आठवू लागला. १९४१ मधली त्याची ५६ सामन्यांची मालिका अमेरिकेत शाळकरी पोरांनाही पाठ. ही तुलना खरे तर ओढूनताणून केलेली. कॉलेजात तेव्हा ॲल्युमिनियमची बॅट चाले, व्यावसायिक खेळात लाकडीच, आणि समोरचे पिचरही (चेंडू टाकणारे) त्या तोडीचे नव्हते.

व्हेंचुराची मालिका थांबली ती ओमाहातल्या कॉलेज वर्ल्ड सिरीज या राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धेत, स्टॅनफर्डचा पिचर जॅक मॅकडॉवेल याच्यासमोर. पुढे अंतिम सामन्यातही स्टॅनफर्डनेच ओक्लाहोमा स्टेटला हरवले. गंमत म्हणजे काही वर्षांनी व्हेंचुरा आणि मॅकडॉवेल शिकागो व्हाइट सॉक्स या एकाच व्यावसायिक संघात होते.

१९८८ मध्ये सर्वोत्तम हौशी खेळाडूचा गोल्डन स्पाइक्स पुरस्कार आणि सोल ऑलिंपिकमधले सुवर्ण (बेसबॉल तेव्हा प्रदर्शनीय खेळ होता) त्याच्या नावावर लागले. व्यावसायिक कारकीर्दही काही किरकोळ नव्हती: २९४ होम रन, क्षेत्ररक्षणासाठीचे ६ गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार. पण कूपर्सटाउनला तेवढे पुरले नाही.

कॉलेजच्या हॉलचे माप निराळे. व्हेंचुराच्याच तुकडीत टेक्सस विद्यापीठाचा ब्रुक्स कीश्निक होता. मोठ्या लीगमध्ये तो फारसा चमकला नाही, तरी त्याच्या कॉलेजच्या दिवसांवर त्याला पहिल्याच वर्षी निवडले गेले.