वेणीचा ॲरन स्वेटर: विणायला बसण्याआधी वाचा

तुमच्या किटमध्ये न रंगवलेली पांढरी लोकर, 5 मिमीच्या सुया आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी एक आखूड सुई आहे. सामान एवढेच लागते. वेणीचा पीळ पाहून बरेच जण दबकतात, पण पीळ एका संध्याकाळी हातात बसतो. स्वेटर बिघडतो तो मापात. म्हणून या पत्रकात मापाबद्दलच जास्त लिहिले आहे.

हा स्वेटर आयर्लंडच्या पश्चिमेचा. गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी इनिशमोर, इनिशमान आणि इनिशीर ही तीन ॲरन बेटे आहेत, तिथला. प्रत्येक कुळाची वीण वेगळी असे आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख स्वेटरवरून पटे, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. आम्ही ती पाकिटावर छापत नाही, कारण तिला आधार नाही. 1904 साली रंगमंचावर आलेल्या, आयरिश नाटककार जे. एम. सिंग यांच्या ‘रायडर्स टू द सी’ या एकांकिकेत बुडालेल्या तरुणाची ओळख मोज्याच्या टाक्यांवरून पटते, आणि तो मोजाही साधाच असतो. पुढे ही कल्पना स्वेटरला चिकटली. आज आपण ओळखतो तसा वेण्यांनी भरलेला स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातला आहे. बेटांवरच्या बायकांनी तो आधी घरच्यांसाठी आणि मग विकण्यासाठी विणला. 1961 साली क्लॅन्सी बंधू आणि टॉमी मेकम हे आयरिश लोकगायक अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर पांढरे ॲरन स्वेटर घालून गायले आणि मागणी एकदम वाढली. त्या बायकांच्या हातांनी घरात कमाई आणली, ही खरी हकिकत आम्हाला कुळांच्या कथेपेक्षा मोठी वाटते.

आता मापाकडे. या जाडीच्या लोकरीत 5 मिमीच्या सुयांवर साध्या सुलट विणीचे साधारण 18 टाके 10 सेंमीत बसतात. वेणी घातली की टाके एकमेकांवर चढतात आणि कापड आक्रसते. त्याच 10 सेंमीत मग 23-24 टाके लागू शकतात. समजा, समोरचा भाग 55 सेंमी रुंद हवा आहे. साध्या विणीच्या हिशेबाने 99 टाके होतील. वेण्यांच्या विणीत 10 सेंमीला 24 टाके बसत असतील, तर 132 लागतील. हा फरक विसरून 99 टाक्यांवर सुरुवात केली, तर तो भाग जेमतेम 41 सेंमीचा होईल. लोकर जास्त लागते तीही याच कारणाने. मोठ्या माणसाच्या अशा स्वेटरला किलोच्या आसपास लोकर जाते.

म्हणून नमुन्याचा तुकडा विणाच. साध्या विणीचा नको. स्वेटरमधली प्रत्येक पट्टी एकदा तरी येईल असा, निदान 15 सेंमी उंचीचा विणा. तो कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, सपाट पसरून पूर्ण वाळू द्या आणि मगच मोजा. सुईवरून उतरवल्या उतरवल्या घेतलेले माप खरे नसते. लोकर भिजली की टाके सैलावतात आणि आपापल्या जागी बसतात. या तुकड्यात गेलेली लोकर आम्ही किटमध्ये धरलेली आहे, तेव्हा हात आखडू नका.

पीळ असा घालायचा. सहा टाक्यांच्या वेणीत पहिले तीन टाके आखूड सुईवर घ्या, पुढचे तीन सुलट विणा, मग आखूड सुईवरचे तीन सुलट विणा. आखूड सुई कामाच्या पुढे धरली तर वेणी डावीकडे झुकते, मागे धरली तर उजवीकडे. पीळ साधारणपणे दर सहाव्या किंवा आठव्या ओळीत येतो. मधल्या ओळींत टाके दिसतील तसे विणायचे, सुलटावर सुलट, उलटावर उलट. वेणीच्या दोन्ही बाजूंना निदान दोन टाके उलट ठेवा, त्यांच्यामुळेच वेणी उठून दिसते. पीळ घातलेल्या ओळीत कडेला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला तर पुढची मोजणी चुकत नाही.

मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसणारी मधली पट्टी हीसुद्धा चार-चार टाक्यांची वेणीच. फक्त शेजारचे दोन पीळ विरुद्ध दिशांना असतात आणि चार ओळींनंतर त्या दिशा उलटतात.

एखादा पीळ उलट दिशेला पडला म्हणून सगळे उसवू नका. फक्त त्या वेणीचे सहा टाके सुईवरून काढा, चुकलेल्या ओळीपर्यंत तेवढेच उसवा, पीळ नीट घाला आणि क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा वर ओढत टाके पुन्हा चढवा. पहिल्यांदा धाकधूक होते, पण लोकरीचे टाके एकमेकांना धरून राहतात, सरसर निसटत नाहीत.

काठाकडे मात्र बारीक लक्ष हवे. खालचा काठ कमी टाक्यांवर विणून त्याच्या शेवटच्या ओळीत, जिथे वेण्या येणार तिथे, टाके वाढवा. नाहीतर काठ झालरीसारखा फुलतो. खांद्यावर टाके बंद करतानाही वेणीच्या जागी दोन-दोन टाके एकत्र घेऊन घटवा. आमच्या तक्त्यात या जागा गोल खुणेने दाखवल्या आहेत.

लोकर न रंगवलेली असली तरी प्रत्येक लॉटची छटा थोडी वेगळी असते. म्हणून किटमधल्या सगळ्या गुंड्या एकाच लॉटच्या दिल्या आहेत. कमी पडेल असे वाटले तर शेवटच्या गुंडीपर्यंत थांबू नका, गुंडीभोवतीच्या पट्टीवरचा लॉट क्रमांक आम्हाला आधीच कळवा.

धुताना कोमट पाणी आणि लोकरीसाठीचा सौम्य साबण वापरा. चोळू नका, पिळू नका. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात घासले की ते एकमेकांत अडकतात, कापड आटून घट्ट होते आणि ते पुन्हा मोकळे करता येत नाही. ओला स्वेटर दोरीवर टांगू नका, स्वतःच्या वजनाने तो लांबतो. सपाट पसरून वाळवा आणि घडी घालून ठेवा. उरलेली लोकर पट्टीसकट जपून ठेवा. कोपर आधी झिजते आणि तिथे रफू करायला त्याच लॉटचा धागा लागतो.