व्हॉलीबॉलमधील सर्व्हिस व तिचे शिक्षण

व्हॉलीबॉलमध्ये प्रत्येक गुणासाठीचा खेळ सुरू करणारा फटका. अंतिम रेषेमागील ९ मी. रुंद पट्ट्यातून खेळाडू चेंडू उडवतो व एका हाताने जाळीपलीकडे मारतो. पंचाच्या शिटीनंतर ८ सेकंदांत सर्व्हिस व्हावी लागते. चेंडू मारण्याच्या क्षणी पाय रेषेला लागलेला चालत नाही. फटका मारून झाल्यावर मैदानात उतरले तरी चालते. पूर्वी उजव्या कोपऱ्यातील ३ मी. चा पट्टाच सर्व्हिससाठी राखलेला असे. १९९४ च्या नियमबदलाने पूर्ण रुंदी मोकळी झाली.

विल्यम जी. मॉर्गन यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील होल्योक येथे हा खेळ तयार केला. त्यांच्या मूळ नियमांत सर्व्हिस करणाऱ्याला टेनिसप्रमाणे दोन संधी होत्या, आणि चेंडू जाळीत जाणार असे दिसल्यास सहकाऱ्याने तो पलीकडे ढकलला तरी चालत असे. म्हणजे सर्व्हिसने खेळ केवळ सुरू करून द्यावा, एवढीच त्या वेळी अपेक्षा होती. ती आक्रमणाचे साधन केव्हा झाली, हे ठरवणे सोपे नाही. न फिरता हेलकावे खात जाणारी ‘फ्लोटर’ सर्व्हिस सहसा जपानचे प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु यांच्या महिला संघाशी जोडली जाते. या संघाने १९६२ चे विश्वविजेतेपद व १९६४ चे टोकियो ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले. मात्र न फिरणारा चेंडू वाट बदलतो हे त्याआधीच ठिकठिकाणच्या खेळाडूंच्या ध्यानात आले असावे. त्यामुळे जपानी संघाने या फटक्याला पद्धतशीर रूप दिले, असे म्हणणेच अधिक सयुक्तिक वाटते. उडी मारून केलेल्या जंप सर्व्हिसबाबतही असेच आहे. १९८४ च्या लॉस अँजेलिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या ब्राझीलच्या पुरुष संघामुळे ती जगभर पसरली, तरी तिचे तुरळक दाखले आधीचेही दिले जातात. त्याच ऑलिंपिकनंतर सर्व्हिस थेट ब्लॉक करण्यास, म्हणजे जाळीपाशीच हात उंचावून अडवण्यास, मनाई झाली.

फ्लोटर का डोलते, याचे उत्तर चेंडूभोवतीच्या हवेत आहे. टॉप स्पिन (पुढच्या दिशेने फिरकी) दिलेला चेंडू मॅग्नस परिणामामुळे, म्हणजे फिरत्या चेंडूवर हवेमुळे येणाऱ्या आडव्या बळामुळे, ठरावीक वळण घेत खाली येतो. फिरकी नसलेल्या चेंडूवर असे एका दिशेचे बळ टिकत नाही. त्याच्या मागे हवेचे भोवरे अनियमितपणे सुटतात आणि बाजूचे बळ सतत बदलते. शिवाय एका ठरावीक वेगाच्या पट्ट्यात हवेचा रोध एकाएकी बदलतो. व्हॉलीबॉलसाठी हा पट्टा साधारणतः सेकंदाला १० ते २० मी. मानला जातो, आणि बहुतेक फ्लोटर याच वेगाच्या आसपास असतात. पृष्ठभाग व शिवणींची मांडणी यांनुसार हा पट्टा सरकतो. २००८ मध्ये आलेल्या, खळगे असलेल्या आठ तुकड्यांच्या चेंडूनंतर या विषयाची चर्चा वाढली. व्हॉल्व्ह (हवा भरण्याचे छिद्र) कोणत्या बाजूला ठेवून मारावे, याविषयी प्रशिक्षकांचे ठाम आग्रह असतात. तुकड्यांच्या दिशेनुसार रोध बदलतो हे वातबोगद्यातील (कृत्रिम वारा सोडलेल्या बंदिस्त नळीतील) चाचण्यांत दिसले आहे, त्यामुळे हे आग्रह अगदी निराधार नाहीत; पण शिकाऊ खेळाडूच्या हातून चेंडू नेमका मध्यावर बसणे याहून कितीतरी महत्त्वाचे आहे.

शिक्षणात खरी अडचण फटक्याआधीच, चेंडू उडवताना येते. उजव्या हाताचा खेळाडू डावा पाय पुढे ठेवतो आणि डाव्या हाताने चेंडू उजव्या खांद्यासमोर, थोडासाच वर सोडतो. तो न मारता खाली पडू दिला, तर पुढच्या पायाच्या किंचित पुढे, उजव्या खांद्याच्या रेषेत पडला पाहिजे. तो डोक्यामागे किंवा डावीकडे पडत असेल, तर हाताचा वेग वाढवून काहीही साधत नाही. फ्लोटरसाठी मनगट ताठ ठेवून तळहाताच्या टणक बुडाने चेंडूच्या मध्यावर आघात करतात आणि हात तेथेच आवरता घेतात. मनगट वळले की फिरकी येते व डोलणे संपते.

आधी अंडरआर्म (हात खालून झुलवून केलेली) सर्व्हिस शिकवावी की थेट डोक्यावरून, यावर दोन मते आहेत. पहिली पद्धत लहान मुलांना लवकर यश देते. पण ज्याला चेंडू डोक्यावरून नीट फेकता येतो, त्याला जाळीपासून चार-पाच मीटरवर उभे करून वरूनच सर्व्हिस शिकवणे अधिक फलदायी दिसते. दहापैकी सात-आठ चेंडू पलीकडे पडू लागले की एकेक पाऊल मागे नेत अंतिम रेषा गाठता येते. थेट जाळीपासून ९ मी. वरच्या अंतिम रेषेवरून सुरुवात केली, तर मुले जोर लावण्यासाठी अंग वाकवतात आणि ती सवय पुढे सुटत नाही.

भारतात हा खेळ वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती युवक संघटनेमार्फत रुजला, तिचे शारीरिक शिक्षणतज्ज्ञ हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला सुरू केलेल्या शारीरिक शिक्षण संस्थेचा त्यात मोठा वाटा होता. महाराष्ट्रात शाळांचे सामने बहुधा मातीच्या उघड्या मैदानांवर होतात. तेथे वारा समोरून असला तर चेंडू लवकर खाली बसतो, म्हणून सपाट व जोरकस मारा चालतो; वारा पाठीमागून असेल तर तोच फटका सरळ रेषेबाहेर जातो.