हब लॉक ठेवून टू-व्हीलमध्ये चालवलं की गिअर तुटतात?

फोर-बाय-फोर गाड्यांबद्दल फिरत असलेला मेसेज असा: पुढचे हब (चाकाचा मधला भाग) लॉक असताना गाडी टू-व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद देऊन पळवली तर पुढचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) जातो. तसं काही होत नाही.

हब लॉक करणं म्हणजे चाक आतल्या एक्सल शाफ्टला जोडणं, बास. इंजिनची ताकद पुढच्या चाकांकडे पाठवायची की नाही ते ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरचा डबा) ठरवतो, त्यामुळे लिव्हर २एच (टू-व्हील) वर असेल तर चाकंच उलट शाफ्ट, डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केस ते डिफरन्शियल जोडणारा दांडा) नुसते फिरवत बसतात, थोडं डिझेल जास्त जातं, थोडी झीज होते, तेवढंच. काही गाड्यांत हबऐवजी एक्सल डिसकनेक्ट असतो, म्हणजे एका बाजूचा शाफ्ट दोन तुकड्यांत आणि त्यांना जोडणारी सरकती स्लीव्ह, काम तेच.

खरा धोका पार्ट-टाइम गाडी (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नसलेली) कोरड्या डांबरावर ४एच मध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊन वळवण्यात आहे, कारण वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात आणि तो फरक जिरायला जागाच नसते. मेसेजमध्ये बहुतेक हेच मिसळलंय.

बघायचं असेल तर सपाट जागी मागच्या चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, २एच ठेवा, एक पुढचं चाक जॅकवर घ्या (गाडीखाली शिरू नका हं) आणि हाताने फिरवा. हब फ्री असेल तर आतला शाफ्ट जागेवरच राहतो, लॉक असेल तर सोबत फिरतो.